वजन कमी करताना व्यायामानंतर मळमळ का होते?

रंकाळाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ४१ असून मी एका सहकारी बँकेत नोकरी करतो. वजन ९२ किलोवर गेले, तेव्हा सहा आठवड्यांपूर्वी आहार आणि व्यायाम दोन्ही मनावर घेतले आणि आज ते साडेपंच्याऐंशीवर आले आहे. रात्री सात वाजता मुगाचे कढण आणि काकडीची कोशिंबीर एवढेच घेतो. भाकरी आणि भात पूर्ण बंद केले आहेत. पहाटे साडेपाचला बिनदुधाची कॉफी पिऊन रंकाळ्याच्या काठाने वीस मिनिटे धावतो आणि तिथून थेट व्यायामशाळेत जातो.

अडचण अशी की शेवटच्या बैठका संपवून बाकावर टेकलो की पाच मिनिटांत मळमळू लागते, गार घाम सुटतो, आणि दोनदा तर उलटीही झाली. उलटी झाली म्हणजे व्यायाम अंगी लागला, असे तिथले प्रशिक्षक सांगतात. ते मला पटत नाही. अंगात त्राण राहावे म्हणून गेल्या आठवड्यापासून जवळच्या गोठ्यावर पेलाभर धारोष्ण दूध पिऊन निघू लागलो, तर त्रास वाढलाच. एक गोष्ट मात्र लक्षात आली आहे. शनिवारी रात्री सासुरवाडीला तांबड्या रश्श्याबरोबर दोन भाकरी होतात, आणि रविवारी सकाळी याच व्यायामाने काहीही होत नाही. हे कशामुळे होत असावे?

आहारतज्ज्ञ, राजारामपुरी

आपले रविवारचे निरीक्षण सर्वांत मोलाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, रात्रभर मेंदूला पुरवली जाते आणि सकाळपर्यंत तिचा साठा बराच उतरलेला असतो. शनिवारच्या भाकरीने तो भरतो, म्हणून रविवार निभावतो. इतर दिवशी मात्र भाकरी-भाताविना झालेल्या जेवणावर साडेदहा तासांचा उपास घडतो, आणि त्यावर आपण धावता व बैठका काढता. जोराच्या व्यायामात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, पोटाकडे कमी जाते; त्यात रिकाम्या पोटी घेतलेल्या कॉफीने आम्ल वाढलेले असते.

दूध हा दुसरा भाग. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो आणि स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात, त्यामुळे आपण धावत असता ते दूध जठरातच असते. कट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध पिणे ही कोल्हापूरची जुनी आणि आवडती रीत आहे, मलाही तिचे अप्रूप आहे. तरीही कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात, तेव्हा दूध उकळूनच घ्यावे, आणि तेही व्यायामानंतर.

निघण्यापूर्वी अर्धा तास एक केळे किंवा तीन-चार खजूर खावेत, पेलाभर पाणी प्यावे आणि कॉफी नंतरसाठी ठेवावी. व्यायामानंतर तासाभरात उकडलेली अंडी आणि भाकरी, किंवा दहीपोहे घ्यावेत.

वजनाबद्दलही स्पष्ट सांगते. सहा आठवड्यांत साडेसहा किलो हा वेग जास्त आहे, आणि त्यातला काही भाग चरबीचा नसून पाण्याचा आहे, कारण प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते आणि साठा उतरला की तेही जाते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरते. रात्रीची एक भाकरी परत आणल्याने आपले वजन कमी होणे थांबणार नाही.

जुना तालीमकर

मी वयाची साठी ओलांडली असून माझे तरुणपण तालमीत गेले आहे. वरील बाईंनी सांगितलेले योग्यच आहे. मी फक्त बाकावर टेकण्याविषयी लिहितो. जोर-बैठका संपल्या की आमचे वस्ताद कोणालाही खाली बसू देत नसत. हौद्याभोवती चालत राहायचे, अंगाला माती चोळायची, श्वास खाली आला की मगच बसायचे. पायांचे स्नायू हलत असतात तोवर ते रक्त वर ढकलतात. एकदम बसले की रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो, आणि मग डोळ्यांपुढे अंधारी व मळमळ येते. शेवटची बैठक झाल्यावर आठ-दहा मिनिटे सावकाश चाला. बदामाची थंडाईसुद्धा आम्हाला घाम सुकल्यावरच मिळत असे. आणि उलटी होईपर्यंत मेहनत करून घेणारा वस्ताद मी पाहिलेला नाही.

शाहूपुरीची वाचक

एक काळजीची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. माझ्या थोरल्या भावाला जिना चढल्यावर मळमळ आणि गार घाम येत असे. त्याने पित्त समजून दोन दिवस सोड्याच्या पाण्यावर काढले, आणि शेवटी ईसीजी काढला तेव्हा हृदयविकार निघाला. आपले वय चाळिशीच्या पुढे आहे. मळमळीबरोबर छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दम लागणे किंवा भोवळ असेल, अथवा साध्या चालण्यानेही त्रास होत असेल, तर केळे खाऊन पाहत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आपण मधुमेहाची औषधे घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांपैकी काहींनी मळमळते आणि काहींनी साखर एकदम उतरते.

रंकाळाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. शाहूपुरीच्या ताईंचे वाचून मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो; ईसीजी, रक्तदाब आणि साखर व्यवस्थित आहे, आणि मला कोणतीही औषधे चालू नाहीत. त्यानंतर बारा दिवस पहाटे केळे, रात्री एक ज्वारीची भाकरी आणि बैठकांनंतर दहा मिनिटे चालणे हा क्रम ठेवला आहे. उलटी एकदाही झाली नाही. मळमळ फक्त एकदा झाली, ज्या दिवशी बँकेत लवकर पोहोचायचे म्हणून चालणे टाळून थेट स्कूटरवर बसलो होतो. वजन आज ८५ किलो आहे. प्रशिक्षकांनाही मी हे सविस्तर सांगितले, आणि माझ्याबरोबर व्यायाम करणारी दोन मुले आता बाकाऐवजी अंगणात फेऱ्या मारतात.