मदत हवी आहे: आत्याला भेट द्यायला हातात नेता येईल असा डिजिटल रेडिओ कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आत्याला ७५ पूर्ण होतील. तिला रेडिओ द्यायचं मनात आहे. साडी, शाल, मिक्सर या सगळ्याला ती "कशाला गं पैसे घालवतेस" म्हणते. रेडिओला नाही म्हणणार नाही, कारण दिवसभर तोच तिच्या सोबतीला असतो.

सध्याच्या सेटची अवस्था सांगते. सेलचं झाकण कधीच हरवलंय, म्हणून मागून रबरबँड. एरियलचा वरचा तुकडा मोडला, तिथे तिनं छत्रीची काडी तारेनं बांधलीय. आणि गंमत म्हणजे वाजतो! त्यामुळे "चालतोय ना? मग?" हा तिचा मुद्दा खोडताही येत नाही.

ती रेडिओ सकाळी स्वयंपाकघरात, दुपारी गॅलरीत आणि रात्री उशाशी असा घरभर नेते. बोटं संधिवातानं आखडलीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक अक्षर वाचताना त्रास होतोच. बातम्या, जुनी गाणी, रात्रीचं नाटक एवढंच ऐकते. आणि दर रविवारी बातम्यांच्या आधीच्या टूं-टूंवर भिंतीवरचं घड्याळ लावते, हे व्रत लहानपणापासून बघतेय. फोनवर रेडिओ लावून दिला होता, पण "कुणाचा फोन आला की गाणं जातं" म्हणून तो विषय संपला.

तीन दिवस ऑनलाइन बघतेय आणि डोकं भंजाळलंय. सगळ्यांवर 'डिजिटल' लिहिलेलं. एक डिजिटल एफएम, एक डॅब, एक डॅब प्लस, एक इंटरनेट रेडिओ. हे सगळं एकच आहे का? काय बघून घ्यावं? मॉडेलचं नाव नको, निवडायचं कसं ते सांगा.

प्रतिसाद १

एकच नाही. आणि 'डिजिटल' या शब्दावर अजिबात भरवसा ठेवू नका. खोक्यावर 'डिजिटल एफएम' असेल तर बहुतेक वेळा आकडे पडद्यावर दिसतात आणि काटा फिरवण्याऐवजी बटणानं स्टेशन लागतं, इतकाच त्याचा अर्थ. आत जे येतं ते तेच जुनं एफएम. वाईट नाही, पण तुम्ही ज्याला डिजिटल समजताय ते नाही.

खरं डिजिटल प्रसारण म्हणजे आवाज आकड्यांच्या रूपात हवेतून येतो आणि रेडिओ तो उलगडतो. त्याच्या पद्धती देशागणिक वेगळ्या आणि एकमेकींशी जुळत नाहीत. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात डॅब प्लस. अमेरिकेत एचडी रेडिओ, जो एफएम-एएमच्याच पट्ट्यात बसवलाय. आकाशवाणीनं मीडियम वेव्हवर डीआरएम घेतलं. एका पद्धतीचा रेडिओ दुसरीकडे नेला तर त्यावर डिजिटल काही लागणार नाही, फार तर एफएम लागेल. म्हणून पहिला प्रश्न असा, की आत्या राहतात तिथे काय येतं? तुमच्याकडे काय येतं ते सोडा, रेडिओ त्यांच्या घरी वाजायचाय. प्रसारकांच्या संकेतस्थळावर भाग टाकून बघता येतं.

दुसरं, नुसतं डॅब आणि डॅब प्लस यांत फरक आहे. १९९५ मध्ये बीबीसी आणि नॉर्वेच्या एनआरकेनं डॅब सुरू केलं तेव्हा आवाजाची माहिती दाबून कमी जागेत बसवायची पद्धत जुनी होती. डॅब प्लसचं मानक २००७ मध्ये आलं, त्यात एएसी ही नवी दाबायची पद्धत वापरतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त केंद्रं मावतात. डॅब प्लसच्या रेडिओवर जुनं डॅबही लागतं, उलटं मात्र होत नाही. कुणी 'न वापरलेला, खोक्यातला' म्हणून जुना डॅब सेट स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. काही केंद्रं यादीत नाव दाखवतील आणि मुकी राहतील.

धागाकर्ती

बाप रे, बरं झालं विचारलं. मी जवळजवळ एक 'डिजिटल एफएम'वाला मागवलाच होता! नकाशा बघितला. आत्याच्या भागात डॅब प्लस येतं, एफएमही चालू आहे. ती ऐकते ती चारही केंद्रं डॅब प्लसच्या यादीत आहेत.

प्रतिसाद २

मग प्रश्न सोपा झाला असं वाटेल, पण खरी परीक्षा बोटांची आहे. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी असाच एक दिला होता. दिसायला देखणा, पुढून सपाट, एकच चकती. ती फिरवायची, दाबायची, मग यादी येते, परत फिरवायची, परत दाबायची. मला आवडला म्हणून घेतला, हीच चूक. आईची चकती दाबताना थोडी फिरायची आणि भलतंच केंद्र लागायचं. चौथ्या दिवशी तिनं त्यावर भरतकामाचा रुमाल घातला. आमच्याकडे रुमाल पडला की ती वस्तू निवृत्त झाली समजायचं.

म्हणून सांगते, पुढच्या बाजूला १, २, ३, ४ अशी वेगवेगळी, उठावदार बटणं हवीत. एक दाबलं की एक केंद्र. काही रेडिओंत केंद्रं जपून ठेवायची सोय असते पण ती मेनूच्या पोटात, त्याचा अशा माणसाला शून्य उपयोग. आवाजाला गोल, खडबडीत कडेची खुंटी असावी, बंद-चालू त्याच खुंटीत खट्कन होणारं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण डोळे मिटूनही कळतं. स्पर्शानं चालणारा काचेचा पडदा नकोच. बंद करून चालू केल्यावर शेवटचं केंद्र आणि आवाज लक्षात राहतो का, हे विचारा.

शक्य असेल तर दुकानात उभं राहून स्वतः डोळे मिटून लावून बघा. लोक बघतील, बघू दे.

प्रतिसाद ३

सेलचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. डॅबला आवाज उलगडायला आत सतत गणित करावं लागतं, त्यामुळे ते एफएमपेक्षा जास्त वीज खातं. जुना ट्रान्झिस्टर एका जोडीवर महिनाभर काढायचा, ती अपेक्षा ठेवू नका. दिवसभर ऐकणाऱ्या माणसाचे पेन्सिल सेल भराभर संपतील. आतली चार्ज होणारी बॅटरी हवी, आणि ती यूएसबी-सीनं चार्ज होत असेल तर फोनचाच चार्जर चालतो. काही कंपन्या स्वतःच्या आकाराची बॅटरी देतात आणि तीही वेगळी विकत घ्यावी लागते. खोक्यात ती आहे का, ते बारीक अक्षरात वाचा.

तरी माझं मत विचाराल तर जो चार्जही होतो आणि अडीअडचणीला पेन्सिल सेलवरही चालतो असा शोधा. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालची वीज गेली, मोबाइलचं जाळंही कोलमडलं, तेव्हा लोक रस्त्यात सेलवरच्या रेडिओभोवती गोळा झाले होते. इंटरनेट रेडिओ त्या वेळी काय करणार?

प्रतिसाद ४

मी उलटं सांगतो. ७५ वर्षांच्या बाईंच्या भागात एफएम व्यवस्थित येत असेल तर साधा, चांगल्या स्पीकरचा एफएम द्या आणि मोकळ्या व्हा. डॅब हे विकणाऱ्यांचं खूळ आहे. एफएमचा सिग्नल कमी झाला तर थोडी खरखर येते, बातमी तरी कळते. डॅब कमी झालं की पाण्यात बोलल्यासारखा गुळगुळ आवाज आणि मग ठप्प शांतता.

प्रतिसाद १

गुळगुळ खरी आहे, नाकारत नाही. पण खूळ म्हणणं पटत नाही. नॉर्वेनं २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम बंद केलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकानं २०२४ च्या अखेरीस केलं. आज एफएम चालू आहे म्हणून रेडिओच्या आयुष्यभर राहील असं कुणी लिहून देणार नाही. शिवाय डॅबवर केंद्राचं नाव दिसतं, कंपनाचे आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत. बहुतेक डॅब प्लस सेटमध्ये एफएम असतंच, तेवढं तपासून घ्या. मग तुमचाही मान राहतो.

प्रतिसाद ५

इंटरनेट रेडिओबद्दल दोनच ओळी. त्याला वायफाय लागतं आणि केंद्रांची यादी तिसरीच कुणीतरी संस्था पुरवते. माझ्या सेटला यादी पुरवणाऱ्यांनी सेवा गुंडाळली आणि धडधाकट रेडिओची वीट झाली. परदेशातली केंद्रं ऐकणाऱ्याला ठीक. आत्यांना नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद २ मधला भरतकामाचा रुमाल वाचून खूप हसले, आत्याकडेही हीच पद्धत आहे. एक शंका आहे. तिचं स्वयंपाकघर आतल्या बाजूला आहे, जाड भिंती आहेत. तिथे डॅब लागेल का? की छत्रीची काडी परत काढायची?

प्रतिसाद १

काडी लागू नये. डॅब साधारण १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतं. २०० धरलं तर लहरीची लांबी दीड मीटर, तिचा चौथा हिस्सा ३७-३८ सेंटिमीटर. एफएमला हाच हिशेब ७५ सेंटिमीटरच्या आसपास जातो. म्हणजे डॅबला लांबलचक एरियल नाही लागत, पण तो उभा लागतो, कारण लहरीही उभ्या सोडलेल्या असतात. लोक एरियल मिटून ठेवतात किंवा आडवा पाडतात आणि मग डॅबला शिव्या घालतात. फ्रिज, मायक्रोवेव्ह, स्टीलचं मांडणीचं कपाट यांच्यापासून हातभर लांब, शक्यतो खिडकीकडे ठेवा. अर्धा हात सरकवल्यावर गुळगुळ थांबते असा माझा अनुभव आहे. बहुतेक सेटमध्ये सिग्नल किती येतोय ते दाखवणारी पट्टी असते, ती बघत जागा ठरवा.

खिशात मावणाऱ्या छोट्या सेटच्या मोहात पडू नका. त्यांतल्या बऱ्याच जणांना एरियल नसतो, इअरफोनची वायरच एरियलचं काम करते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: खोकं गुंडाळून हातात देऊन येऊ नका. पहिल्यांदा चालू केल्यावर रेडिओ सगळी केंद्रं शोधून यादी करतो. ते काम त्यांच्या घरी, जिथे तो ठेवायचा तिथेच करा. तुमच्या घरी करून नेलं तर तुमच्याकडची यादी जाईल. मग चार केंद्रं चार बटणांवर बसवून द्या.

प्रतिसाद ३

आणि टूं-टूंचं काय? डॅब दोन-चार सेकंद उशिरा बोलतं. आवाज दाबून पाठवायचा, इकडे साठवून उलगडायचा, यात तेवढा वेळ जातोच. आत्यांचं घड्याळ मागे पडणार. आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमच्यावर येईल.

धागाकर्ती (पाच आठवड्यांनंतर)

उशिरा लिहितेय, क्षमस्व. रेडिओ घेतला. डॅब प्लस आणि एफएम दोन्ही, पुढे पाच बटणं, आवाजाला गोल खुंटी, आत चार्ज होणारी बॅटरी. पेन्सिल सेलचीही सोय असलेला मिळाला, पण तो उचलून बघितला तर आत्याला झेपेल असं वाटेना, म्हणून सोडला. दुकानात डोळे मिटून लावून बघितला. विक्रेता मुलगा आधी गोंधळला, मग त्यानंही डोळे मिटून दुसरा लावून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचाच बरा आहे."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आत्याकडे गेले. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून केंद्रं शोधली, ओट्याच्या कोपऱ्यात पट्टी निम्म्यावर येत होती, कट्ट्यावर भरली. चार केंद्रं बटणांवर बसवली. पाचवं रिकामं ठेवलं होतं, तर आत्या म्हणाली, "त्यावर पण काहीतरी घाल, चुकून हात लागला तर नुसतं गप्प नको बसायला." म्हणून त्यावर पहिलंच केंद्र परत बसवलं. तीन नंबरच्या बटणावर नेलपॉलिशचा एक थेंब सुकवून उंचवटा केला. ते मधलं धरून बाकीची बोटानं मोजते.

रुमाल अजून पडलेला नाही.

टूं-टूंचं आधीच सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. काल रविवारी गेले तर नवा रेडिओ कट्ट्यावर वाजतोय आणि घड्याळाखालच्या खुंटीला छत्रीची काडीवाला जुना टांगलाय, तोही चालू. दोघांत बातम्या पुढेमागे, निवेदिका स्वतःचीच नक्कल करतेय असं वाटत होतं. मी विचारलं, हा अजून का? म्हणाली, "तो वेळेवर सांगतो गं. हा गातो चांगला."