मुंजीचे फोटो: फ्लॅशचा उजेड प्रत्येक फोटोत वेगळा येतोय, काय करू?

करवंद:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मिरजेला भाच्याची मुंज आहे, जुन्या वाड्याच्या माडीवर. फोटो मावशीनेच काढायचे असं बहिणीने ठरवून टाकलंय. परवा घरातल्याच एका साखरपुड्यात सराव म्हणून काढले आणि धीरच खचला. एकाच जागी उभं राहून एकामागोमाग काढलेल्या चार फोटोंत चार तऱ्हांचा उजेड. नवरीची ओटी भरतानाचा फोटो नीट आला. पांढऱ्या सदऱ्यातले काका शेजारी येऊन बसले की सगळेच सावळे. आणि काळ्या कोटातला नवरामुलगा एकटा घेतला तर चेहरा इतका जळला की कपाळावरचं कुंकूसुद्धा फिकट.

क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आहे, १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती झूम लेन्स), वर लावायचा टीटीएल फ्लॅश, म्हणजे ताकद कॅमेराच ठरवतो तो. मोड पी, म्हणजे शटर आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक) कॅमेराच ठरवतो, आणि आयएसओ (सेन्सर उजेड किती पकडतो ते) ऑटो. आठ-दहा हजारांत दुसरा फ्लॅश घ्यावा का? मुंजीत बटू पांढऱ्या पंच्यात, गुरुजी पांढऱ्या सोवळ्यात, त्यात अंतरपाटही पांढरा. परत तेच व्हायला नको.

रानवाट:
ताई, पैसे खर्चू नका, फ्लॅश बिघडलेला नाही. टीटीएलमध्ये शटर उघडण्याआधी फ्लॅश एक बारीक चमक सोडतो. ती समोरून किती परत आली ते कॅमेरा मोजतो आणि त्यावरून खऱ्या चमकेची ताकद ठरवतो. काका पांढऱ्या सदऱ्यात असतात हे त्याला कळत नाही. खूप उजेड परतला की तो हात आखडता घेतो, काळ्या कोटाने उजेड गिळला की जास्त सोडतो. हे मोजमाप प्रत्येक फोटोला नव्याने होतं, म्हणून चार फोटो चार तऱ्हांचे.

उपाय म्हणजे फ्लॅश लॉक. कॅननमध्ये त्याला एफईएल म्हणतात, निकॉनमध्ये एफव्ही लॉक. चौकटीच्या मध्यावर बटूचा गाल किंवा हात घ्या, बटण दाबा, बारीक चमक तेव्हाच होऊन जाईल. मग हवी तशी चौकट धरून क्लिक करा. कॅननचं लॉक साधारण १६ सेकंद टिकतं, निकॉनचं पुन्हा बटण दाबेपर्यंत. त्या बारीक चमकेने ज्यांचे डोळे मिटतात त्यांचे डोळेही यात उघडे मिळतात.

लॉक जमत नसेल तर फ्लॅश कॉम्पेन्सेशन वापरा, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्या ताकदीत हाताने कमीजास्त करा. पांढरं जास्त असेल तेव्हा अधिक दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), काळं जास्त असेल तेव्हा तेवढंच उणे. कॅननच्या मेनूत फ्लॅशचं मोजमाप इव्हॅल्युएटिव्हवरून (चौकटीचे भाग तोलून) ॲव्हरेजवर (सगळ्या चौकटीची सरासरी) नेलंत तर चढउतार थोडे कमी होतात.

दिवेलागण:
लॉक चांगलंच आहे, पण अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, अशा वेळी दर फोटोला गालावर नेम धरत बसणार का? मुंजीत सगळे पाटावर बसलेले असतात, तुम्ही समोर एका जागी. इथे मॅन्युअल फ्लॅशच योग्य, ताकद आपण हाताने ठरवायची. अंतर तेच, ताकद तीच, मग पंचा पांढरा असो की शालू काळा, उजेड तोच येणार. मी नात्यातल्या सगळ्या मुंजी असेच काढतो.

आकडा काढायची रीत सांगतो. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे पूर्ण ताकदीला मीटरमधलं अंतर गुणिले ॲपर्चरचा आकडा, आयएसओ १००ला ३६ धरा. आयएसओ ४००ला तो दुप्पट होतो, ७२. तीन मीटरवर ॲपर्चर एफ/५.६ (आकडा लहान तितकं भोक मोठं) ठेवायचं तर लागतात ३ गुणिले ५.६, म्हणजे जेमतेम १७. बहात्तरच्या चौथ्या हिश्शाइतका आकडा, आणि ताकद आकड्याच्या वर्गाने जाते, म्हणून ती सोळाव्या हिश्शाची: १/१६. खोक्यावर छापलेला नंबर बहुतेकदा फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम करून काढलेला असतो, तेव्हा १/८ पासून सुरुवात करा, एक फोटो काढा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा.

अंतर मात्र सांभाळायचं. तीन मीटरवरून दोनवर आलात तर चेहऱ्यावर सव्वादोनपट उजेड पडतो.

आता किट लेन्सची गोम, मॅन्युअलमध्ये ती नडते. १८ला ती एफ/३.५ देते, ५५ला एफ/५.६. पूर्ण उघडी ठेवून झूम केलंत की सव्वा स्टॉपहून जास्त उजेड आपोआप गळतो. एफ/५.६ वरच ठेवा म्हणजे कुठेही झूम केलं तरी ॲपर्चर तेच. फ्लॅशचं डोकंही लेन्सबरोबर आपणहून झूम होतं आणि झोत आवळतं, ते हाताने एका जागी बसवा. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडला. ऑटो आयएसओ बंद, हे सर्वांत आधी. नाहीतर बाकी सगळं जुळवलेलं पाण्यात.

करवंद:
किट लेन्सचं लक्षातच आलं नव्हतं! नवरामुलाचे फोटो १८ला होते आणि बाकीचे ५५ला, आत्ता उघडून पाहिले. अजून एक: फ्लॅश छताकडे वळवू का? माडीचं छत सागवानी तक्तपोशीचं आहे.

दिवेलागण:
लाकडी छताकडे अजिबात नको. उजेड अर्धाअधिक पिऊन टाकेल आणि उरलेला तपकिरी होऊन परत येईल. बाजूची भिंत पांढरी असेल तर डोकं तिकडे वळवा, चेहऱ्याला गोलाई येते. त्यात दोनतीन स्टॉप जातात, म्हणून १/१६चं १/४ किंवा १/२ करावं लागेल. होम पेटल्यावर तर बाजूनेच बरं. समोरून फ्लॅश मारला की आधी धूरच उजळतो आणि चेहरे त्यामागे पुसट होतात.

शटर १/६० ठेवा. सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणारं सर्वांत वेगवान शटर) आत, म्हणजे १/२०० किंवा १/२५०पर्यंत, शटरने फ्लॅशचा उजेड बदलत नाही, फक्त खोलीतला बदलतो. १/२००ला समईची ज्योत आणि होमाची लाली मरते. ती राहिली पाहिजे.

रानवाट:
पाटावरच्या विधींना मॅन्युअल, मान्य. पण भिक्षावळीत बटू झोळी घेऊन फिरणार, बायका पुढे येणार, अंतर सारखं बदलणार. तिथे टीटीएलवर या, आणि लॉक.

तिसरा पाट:
सेलकडे कुणी पाहिलं नाही. फ्लॅश पुरता भरायच्या आत क्लिक केलं तर फोटो काळा येतो आणि माणूस सेटिंगला दोष देत बसतो. चार्जेबल एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) सेल घ्या, चारचारचे दोन संच, आदल्या रात्री चार्ज करून. १/२ला उडवत असाल तर फ्लॅश भरल्याचा दिवा लागेपर्यंत थांबा. आणि रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्येच काढा.

करवंद:
काल संध्याकाळी माडीवर करून पाहिलं. भाच्याला पाटावर बसवलं, एकदा पांढरा पंचा गुंडाळून, एकदा काळी घोंगडी पांघरून. भिंतीकडे वळवून १/४, एफ/५.६, आयएसओ ४००, शटर १/६०. बारा फोटो काढले, बाराही फोटोंत त्याच्या गालाचा रंग एकच! मग टीटीएलवर तेच केलं, तर घोंगडीतला चेहरा पुन्हा जळलेला. दोन्ही शेजारी ठेवून बहिणीलाही दाखवले.

पाटापासून तीन मीटर मोजून जमिनीवर खडूने रेघ मारून ठेवली आहे. गुरुजींनी होमकुंड कुठे मांडायचं ते सांगितलं की भिंतीचं अंतर पुन्हा मोजते. मातृभोजनाला मात्र ताई आणि बाळ खिडकीशी बसणार आहेत, मागून दुपारचं ऊन. तिथे फ्लॅश किती ठेवू?

दिवेलागण:
आधी फ्लॅश बंद ठेवून खिडकीचा उजेड जळणार नाही असं शटर ठरवा, सिंक स्पीडच्या वर न जाता. तेवढ्यानेही जळत असेल तर आयएसओ २००वर उतरा. मग फ्लॅश थेट, १/८ पासून चढवत जा, आयएसओ उतरवलात तर १/४ पासून. आदल्या दिवशी त्याच वेळेला बहिणीला तिथे बसवून बघा.