अनुभव धागा: तुमच्या स्क्रीनवर समोरच्याचा हात कुठे अडला?

मंडळी, मी पुण्यात गेली ११ वर्षं यूएक्सचं, म्हणजे ॲप-वेबसाइट वापरायला सोप्या करायचं, काम करतोय. आपण भेटलो की बोलणं फिग्मा (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर), पोर्टफोलिओ आणि पॅकेज यावरच येतं, म्हणून हा धागा काढतोय. तुम्ही केलेली स्क्रीन कुणीतरी तुमच्यासमोर वापरली आणि तुम्हाला काहीतरी नव्याने कळलं, असा एखादा प्रसंग लिहा. लहानमोठं काहीही चालेल, फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. सुरुवात मीच करतो.

शेतीसल्ल्याचं ॲप होतं, संगमनेरच्या बाजूला टेस्टिंगला गेलेलो. पहिल्याच फॉर्मात "क्षेत्र हेक्टरमध्ये लिहा" अशी चौकट. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं म्हणून आम्हीही तेच घेतलेलं, ऑफिसात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. समोर कांदावाले काका. त्यांनी ओला अंगठा शर्टाला पुसला आणि झटक्यात १.२० टाकून पुढे गेले. शेवटी फवारणीच्या औषधाचं प्रमाण आलं तसे म्हणाले, "ओ, हे तर दुप्पट सांगतंय." मग उठून घरातली वही आणून दाखवली, तिच्यात पण १.२०च होतं, म्हणजे एक एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे दीड एकर, हेक्टरमध्ये जेमतेम ०.६०, आणि आमच्या ॲपने धरले १.२० हेक्टर!

मला अजून लागतं ते हे की त्यांचा हात कुठे अडलाच नव्हता. आमच्या डॅशबोर्डवर तो फॉर्म "यशस्वी, ४० सेकंदांत पूर्ण" असाच दिसला असता. आम्ही एकर आणि गुंठे अशा दोन चौकटी केल्या, खाली लगेच "दीड एकर" असं शब्दांत दाखवायला लागलो, हेक्टरचा हिशोब ॲप आतल्या आत करतं. तेव्हापासून आकडा घेणारी कुठलीही चौकट करताना मी आधी विचारतो की हा माणूस हे वहीत कसं लिहितो.

नाशिक, हॉस्पिटल सॉफ्टवेअर

मी डिझायनर नाही, बिझनेस ॲनालिस्ट आहे, पण लिहिते. एका हॉस्पिटलच्या ओपीडी नोंदणीची जुनी करडी स्क्रीन काढून आम्ही नवी दिली. मोकळी, छान रंगांची, मॅनेजमेंट खूश. सोमवारी सकाळी मी काउंटरच्या मागे स्टूल टाकून बसले होते. तिथल्या ताई जुन्या स्क्रीनवर कसं काम करायच्या तर डावा हात केसपेपरवर, उजवा नंबरपॅडवर, टॅब टॅब एंटर, आणि डोळे पेशंटकडे. विभागांचे कोड मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेले, पण ते बघायची त्यांना गरजच पडायची नाही. आता विभाग, डॉक्टर, लिंग सगळं ड्रॉपडाउनमध्ये (क्लिक केल्यावर खाली उघडणाऱ्या यादीत), म्हणजे दर पेशंटमागे तीन-चारदा हात माउसकडे न्यायचा, बाण शोधायचा, परत यायचं. साडेदहाला रांग जिन्यापर्यंत गेली, एक आजी भिंतीला टेकून खालीच बसल्या. ताई मला एवढंच म्हणाल्या, "मॅडम, आता मला पेशंटकडे बघताच येत नाही." दोन दिवसांत आम्ही कोड आणि कीबोर्डचा क्रम परत आणला. रोज दोनशे वेळा तेच काम करणाऱ्या माणसाला स्क्रीन दिसायला कशी आहे यापेक्षा हात कुठे जातो ते महत्त्वाचं असतं, हे मला त्या स्टुलावर बसून कळलं.

मुंबई, फॉण्ट आणि इंटरफेस

माझा अनुभव आपल्या लिपीचा आहे आणि तो इथल्या प्रत्येकाने वाचावा असं मनापासून वाटतं. इंग्रजी स्क्रीन पूर्ण करून शेवटच्या आठवड्यात मराठी ओतायची, ही सवय फार वाईट. एका ॲपमध्ये बटणाची उंची इंग्रजी अक्षरांना धरून पक्की केलेली, त्यामुळे खालचा उकार कापला गेला आणि "पुढे"चं "पढे" झालं, ते तसंच रिलीज झालं. दुसऱ्या ठिकाणी मथळ्याच्या अक्षरांत अंतर वाढवलेलं, इंग्रजीत ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. शिवाय आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा महत्त्व दाखवायला अक्षरांचं वजन (जाडी) आणि आकार हेच हातात राहतात. ओळींमधलं अंतरही जास्त द्या, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार दोन्हींना जागा लागते. आणि पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवा. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉण्ट असेल तर त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मी आता पहिल्या दिवसापासून स्क्रीनमध्ये "कर्तृत्व", "हृदय", "दऱ्या", "मूल्यांकन" असे शब्द टाकते. ते नीट बसले की बाकीचं बहुतेक बसतं.

बेंगळुरू

थोडक्यात लिहितो. आमच्या फॉर्ममध्ये आडनाव सक्तीचं होतं. टीममधल्याच एका तमिळ सहकाऱ्याला आडनाव नाही, वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुढे लागतं फक्त. तो सगळीकडे टिंब टाकून पुढे जायचा आणि मग त्याचं तिकीट आणि ओळखपत्र जुळायचं नाही. आता आम्ही पूर्ण नावाची एकच चौकट ठेवतो.

ठाणे, ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग

आमच्यासोबत एक अंध टेस्टर काम करायचे, टॉकबॅक (अँड्रॉइड फोनवर स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) एवढ्या वेगात लावायचे की मला शब्दच कळायचे नाहीत. पैसे पाठवायच्या स्क्रीनवर आम्ही ओटीपीखाली ३० सेकंदांचा उलटा टायमर ठेवला होता. टॉकबॅक तो दर सेकंदाला वाचायला लागला. "एकोणतीस, अठ्ठावीस, सत्तावीस" आणि मध्येच त्यांनी दाबलेला आकडा, कोणता दाबला तेच ऐकू येईना. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा वेळ संपली. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "घरी असतो तर आता मुलाला हाक मारली असती." स्वतःचे पैसे पाठवायला! टायमर टॉकबॅकपुरता गप्प केला, फक्त शेवटचे १० सेकंद उरले की एकदा सांगतो, वेळही वाढवली. काम अर्ध्या दिवसाचं होतं.

कोल्हापूरची, सध्या पुण्यात, ३ वर्षं अनुभव

मला हे लिहायला जड जातंय. पहिल्या नोकरीत चेकआउटवर एक छोटा विमा आधीच टिक करून ठेवायला सांगितलं, २९ रुपये, राखाडी अक्षरांत. मी केलं. नंतर घरी आईने तेच ॲप वापरलं, बिल बघून म्हणाली, "हे एकोणतीस कसले गं? मी तर मागितलं नव्हतं." ती कुठे टिक काढायची ते शोधत होती आणि मला जागा माहीत होती, कारण ती मीच ठरवली होती. दुसऱ्या दिवशी लीडशी बोलले, काही झालं नाही. मग ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची डार्क पॅटर्नवरची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या रचनांवरची, मार्गदर्शक तत्त्वं आली, १३ प्रकारांची यादी, त्यात बास्केट स्नीकिंग म्हणजे नेमकं हेच. ती यादी प्रिंट करून मीटिंगला नेली, तेव्हा टिक निघाली. आता नव्या ठिकाणी काम सुरू करताना मी ती यादी पहिल्या दिवशीच टीमसोबत वाचते. आईला मात्र ती जागा मी ठरवली होती हे सांगायला मला दीड वर्ष लागलं.