'तेलसाठा' की 'तेलसंभाव्यता'?

प्रश्न : गाळाच्या द्रोणीत (गाळाचे थर साचलेल्या खोलगट भागात) खनिज तेल असेल का, हे संगणकी प्रतिमानावरून कसं ठरवतात, यावरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'पेट्रोलियम पोटेन्शियल'ला 'तेलसाठा' म्हटलं तर चालेल ना? आणि 'बेसिन'ला 'खोरं' म्हणू की 'द्रोणी'?

उत्तर : 'साठा' कृपया नको. विहिरी खोदून सिद्ध झालेलं, काढण्याजोगं तेल म्हणजे साठा. प्रतिमान त्याच्या कितीतरी आधी लागतं. त्यात आजचे थर वरून एकेक उतरवत भूतकाळात जातात, दबलेल्या चिखलाची मूळ जाडी हिशेबाने परत मिळवतात, आणि मग पुढे येत प्रत्येक थर कधी किती खोल गेला, किती तापला हे काढतात. उद्गम खडकातलं, म्हणजे ज्यात तेल तयार होतं त्या खडकातलं, केरोजेन (घन सेंद्रिय द्रव्य) साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तेल देतं, त्याहून जास्त तापलं की मुख्यतः वायू. खरी मेख काळाची आहे : तेल वर सरकलं तेव्हा सापळा, म्हणजे तेल अडवून धरणारी खडकांची रचना, तयार होता का? तो नंतर घडला असेल, तर आधी निघालेलं तेल त्याच्या हाती लागत नाही. एवढ्या 'जर-तर'चं उत्तर 'संभाव्यता'च असू शकतं.

'खोरं' म्हटलं की नदी डोळ्यांसमोर येते; ही द्रोणी समुद्राखालीही असू शकते. 'द्रोणी'च ठेवा.

आणखी एक मत : 'क्षमता' सुटसुटीत नाही का?

उत्तर : आहे, पण तो शब्द मी खडकासाठी राखून ठेवेन. खडकात सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल तर त्याची तेल देण्याची क्षमता चांगली. मात्र तो पुरेसा खोल गाडलाच गेला नाही, तर द्रोणीची संभाव्यता तरीही कमीच. दोन्हींना एकच शब्द वापरला तर मजकुरातला मुख्य मुद्दाच हरवेल.

प्रश्न : पटलं. 'कॅलिब्रेशन'ला काय म्हणू?

उत्तर : 'जुळवणी'. विहिरीत मोजलेलं तापमान आणि व्हिट्रिनाइटची (खडकातल्या वनस्पतिजन्य कणांची) परावर्तकता, म्हणजे तापण्यासोबत वाढणारी त्यांची चकाकी, यांच्याशी प्रतिमानाचे आकडे जुळेपर्यंत उष्णतेचा इतिहास बदलून पाहतात. तेलाच्या टप्प्यात ही परावर्तकता ढोबळमानाने ०.६ ते १.३ टक्के असते. 'पडताळणी' वेगळी : जुळवणीत न वापरलेल्या विहिरीवर प्रतिमान तपासणं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका.