विषय: चेक जमा झालाय, झेलने (Zelle ॲपवरून) पैसे पाठवू का? (तातडीचं)

नमस्कार,
मंडळाच्या या मेल-लिस्टवर आलेल्या त्या 'घरबसल्या डेटा एंट्री'चं ऑफर लेटर आलं. लॅपटॉपसाठी त्यांनी २,८५० डॉलरचा चेक पाठवला. काल फोनवरून भरला, आज खात्यात पैसे दिसतायत. संध्याकाळच्या आत त्यांच्या 'व्हेंडर'ला झेल करायचंय. हे म्हणतात थांब. कोणाला अनुभव?
– र.


अजिबात करू नका. 'अव्हेलेबल' दिसलं म्हणजे चेक वटला असं नाही. कायद्याने बँकेला ठरावीक दिवसांत पैसे वापरायला द्यावेच लागतात. चेक खोटा निघायला कधीकधी आठवडे जातात, मग पूर्ण रक्कम तुमच्याच खात्यातून वळती होते. हॉल-डिपॉझिटच्या वेळी हेच सांगून माझा घसा बसला होता.
– खजिनदार


हॉलचा चेक खोटा नव्हता, सही राहिली होती. तो विषय पुन्हा नको. प्रश्न असा की, जाहिरात लिस्टवर टाकली कोणी? नोकऱ्यांच्या मेल कार्यकारिणीमार्फतच, असं ठरलंय.
– सचिव


मी टाकली. भाचीकडून आली होती. मार्फत पाठवली असती तर विसर्जनानंतर उजाडली असती! र., मुलाखतीत चेहरा दिसला का गं?
– माई


नाही माई, टेलिग्रामवर नुसतं टाइप करत होते. पण कंपनी खरी आहे, वेबसाइट बघितली. मेलच्या पत्त्यात फक्त नावापुढे 'करिअर्स' जोडलंय.
– र.


कंपनी खरी, माणूस खोटा! आयकॅनच्या (वेबसाइटच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) लुकअपवर ते डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातलं @ नंतरचं नाव, टाक, नोंदणीची तारीख बघ. आमच्या सूनबाईंनाही असंच पत्र आलं होतं, एच-फोर व्हिसावरचं ईएडी (नोकरीचा परवाना) हातात पडल्या पडल्या. पहिल्याच चॅटमध्ये ईएडीचा फोटो मागितला. खरी कंपनी आय-नाइनची (नोकरीचा हक्क तपासायचा सरकारी फॉर्म) कागदपत्रं ऑफर स्वीकारल्यावर बघते. तू एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) दिलास का? दिला असशील तर तिन्ही क्रेडिट ब्यूरोंकडे (कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) क्रेडिट फ्रीझ कर, म्हणजे तुझ्या नावावर दुसऱ्याला कर्ज काढणं अवघड होईल; फुकट असतं. आणि हा झेल सोडच.
– नाना


डोमेन १९ दिवसांपूर्वीचं निघालं. एसएसएन दिलाय. चेक ज्या बँकेचा, तिचा नंबर तिच्या वेबसाइटवरून काढून फोन केला (चेकवर छापलेला नाही लावला). त्या खात्यावरून असा चेक निघालेलाच नाही. आता आमच्या बँकेत चाललेय.
– र.


जाताना पाकीटही ने, टपालाचा शिक्का असतो त्यावर. एफटीसीकडे (फसवणुकीच्या तक्रारी घेणारं सरकारी खातं) तक्रार करताना लागेल.
– खजिनदार


कृपया हे वेगळ्या थ्रेडवर चालवा. माझी मोदकांची मेल खाली गेली. उकडीचे की तळणीचे, आज रात्री नऊपर्यंत कळवा. नारळ उद्या आणायचेत.
– प्रसाद समिती