मदत हवी आहे: तीन राज्यांच्या कॉमिकमधला एक खंड गहाळ आहे का?

काडेपेटी
मधला खंड गहाळ आहे की पानं गळली आहेत, कुणी पटकन सांगेल का? एन शो अवाढव्य फौज घेऊन सोसोवर चालून येतो, आता जुंपणार असं वाटतं, आणि पुढे बघतो तर गेन्तोकु केइशूत आश्रयाला! मधली लढाई कुठे गेली? संच वापरलेला घेतलाय. विक्रेता म्हणतो पूर्ण आहे. परत करायची मुदत शनिवारपर्यंतच आहे.

कोरा_कागद
कुठलं कॉमिक? या कथेवर चीन, जपान, हाँगकाँग, कोरिया, सगळीकडे कॉमिक्स आहेत. चित्रकार, भाषा आणि एकूण खंड सांगितल्याशिवाय काय सांगणार?

पानवेल
नावांवरून जपानी आहे हे उघड आहे. जुन्या चीनमधल्या सत्तासंघर्षाची ही कथा. सोसो म्हणजे त्साओ त्साओ आणि एन शो म्हणजे युआन शाओ, हे दोन प्रतिस्पर्धी सरदार. केइशू म्हणजे जिंगजोऊ प्रांत. गेन्तोकु हा ल्यू बेइ. 'श्युआन्द' या त्याच्या दुसऱ्या नावाचा तो जपानी उच्चार. पण योकोयामा या चित्रकाराचं की 'सोतेन कोरो' नावाचं दुसरं?

काडेपेटी
अर्थात योकोयामा. दुसरं कुठलं असतं?

कोरा_कागद
असतात हो बरीच. बरं, ६० खंडांची आवृत्ती की ३० ची?

काडेपेटी
१ ते १० छोट्या आकाराचे, जाड. त्यापुढे एकदम २१ ते ६०. म्हणजे ११ ते २० नाहीतच! आधी लक्षात आलं नाही. विक्रेत्याला धरतो.

पानवेल
हेच ते. दोन संचांची खिचडी केली आहे. पैसे परत मागा.

बोरूबहाद्दर
थांबा. छोटी आवृत्ती ३० खंडांची आहे, म्हणजे एका जाड खंडात मूळचे दोन. जाड १ ते १० म्हणजेच मूळ १ ते २०. त्यापुढे २१ ते ६०. एकूण ५० पुस्तकं, पण कथा सलग. विक्रेता खरं बोलतोय.

खात्री हवी तर जाड दहावा खंड घ्या. पानांचे आकडे सलग आहेत का बघा आणि मधोमध उघडून शिवणीत फट आहे का तेही बघा. पानं गळतात तेव्हा बहुधा एकदोन नाही, अख्खा जुडगाच निसटतो, म्हणजे आकड्यांत १६ किंवा ३२ ची उडी दिसेल.

आणि एक सांगा. ल्यू बेइचा मानलेला भाऊ कान्उ म्हणजे ग्वान यू, त्याने गानर्यो (यान लियांग) आणि बुन्शू (वेन चोउ) या एन शोच्या दोन सेनापतींना मारलं, ते आलंय का?

काडेपेटी
आलंय. दक्षिणेचा सरदार सोन्साकु मरतो तेही आलंय. आकडे सलग आहेत, शिवण घट्ट आहे. मग लढाई कुठाय???

बोरूबहाद्दर
काढलेलीच नाही. एन शो आणि सोसो यांची ती लढाई म्हणजे ग्वानदूची (जपानीत कान्तो, इ.स. २००), आणि योकोयामांनी ती जवळजवळ पूर्ण गाळली आहे. तिच्या आधीची बाइमाची चकमक घेतली, कारण तिथे ग्वान यू आहे. मुख्य लढाईत ल्यू बेइ आणि त्याच्या दोन मानलेल्या भावांना फारसं काम नाही आणि हे कॉमिक त्यांच्या बाजूने चालतं. १९७१ ते १९८७ एवढ्या काळात ते तीन मासिकांतून क्रमशः आलं, तरी या लढाईला जागा मिळाली नाही.

भरपाई म्हणून, ज्या जुन्या चिनी कादंबरीवरून ही कथा आली त्या 'तीन राज्यांच्या कथे'चं ३० वं प्रकरण वाचा. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं अडणार नाही: एन शोचा सल्लागार श्यू यो (क्योयू) फितून सोसोकडे येतो. सोसो अनवाणीच बाहेर धावतो. श्यू यो विचारतो, धान्य किती उरलंय? "वर्षभराचं." तसं वाटत नाही. "सहा महिन्यांचं." तो उठून जायला लागतो. "तीन महिन्यांचं." शेवटी कानात, "या महिन्यापुरतंच." तेव्हा श्यू यो म्हणतो, धान्य संपलंय, आणि सोसोचंच पकडलेलं पत्र काढून दाखवतो. मग तो एन शोचा धान्यसाठा वूचाओला (उसो) असल्याचं सांगतो. सोसो ५,००० माणसं एन शोच्याच निशाणांखाली रात्री नेतो आणि साठा जाळतो. एन शो ८०० स्वारांनिशी पळतो.

याच गोंधळात चोको नावाचा सेनापती सोसोकडे जातो. हे माहीत नसेल तर तो पुढच्या खंडांत सोसोच्या फौजेत कसा, हे कोडं पडेल.

मावळतीचा_सूर्य
कादंबरीवर विसंबू नका. तिच्यात युआन शाओची फौज ७ लाख. चन शोऊ या जुन्या चिनी इतिहासकाराच्या ग्रंथात १ लाख पायदळ आणि १० हजार घोडदळ. वेन चोउलाही ग्वान यूने मारलेलं नाही, फक्त यान लियांगला. त्साओ त्साओ दाखवायचा तर 'सोतेन कोरो'सारखा, ३६ खंड, नायक तोच. ग्वानदू तिथे भरपेट आहे.

पानवेल
त्साओ त्साओला नायक करायचं म्हणजे दुर्योधनाच्या बाजूने महाभारत लिहायचं. होतं, पण मग श्रीकृष्णाचं काय करायचं?

मावळतीचा_सूर्य
चुकीची तुलना. इतिहासात तो कवी आणि शेतीवसाहती वसवणारा प्रशासक आहे. त्याला खलनायक केला तो कादंबरीने आणि पेकिंग ऑपेरातल्या पांढऱ्या रंगवलेल्या चेहऱ्याने.

कोरा_कागद
दोघंही राहू द्या. शांघायच्या जुन्या ल्यानह्वानह्वा, म्हणजे चिनी चित्रकथा, पाहा. तळहाताएवढी पुस्तकं, पानावर एकच चित्र आणि खाली मजकूर. १९५७ पासून निघालेल्या ६० पुस्तकांच्या त्या मालिकेत ग्वानदूला स्वतंत्र पुस्तक आहे. मजकूर आधी वाचा, चित्र नंतर पाहा. उलटं केलंत तर घोड्यांच्या गर्दीत कोण कुणाला मारतोय ते कळत नाही.

चिंचगुळ
अवांतर: त्साओ लिहिता ना, 'चोर' मधला च लावून बघा. चिनी रोमन लिपीतल्या z ला तो फार जवळचा. c हा त्याचाच महाप्राण भाऊ. म्हणून ल्यू बेइचा सेनापती झाओ युन याच्या दुसऱ्या नावाला 'झिलाँग' म्हणू नये, 'चोर' मधल्या च ने 'चऽलोंग' म्हणावं. हिंदीत हा च नाही, आपल्याकडे फुकट आहे.

गुळपोळी
हे सगळं सोडा, 'डायनॅस्टी वॉरियर्स' खेळा. अर्ध्या तासात ग्वानदू आटपते.

काडेपेटी
खेळ कुणी विचारला? संच ठेवतो. आता एवढंच सांगा, एन शो मेला की नाही? पुढे परत कुणीतरी एन शो म्हणतंय.

बोरूबहाद्दर
बाप २०२ मध्ये आजारपणात गेला. पुढचा एन शो हा त्याचा मुलगा युआन शांग. जपानीत दोघांचा उच्चार तंतोतंत एकच, म्हणून कानाने नाही, चिनी अक्षराने ओळखा: बापाचं 紹, मुलाचं 尚. थोरला एन तान आणि हा, भाऊभाऊ आपसात भांडतात आणि सोसो दोघांना एकेक करून हरवतो. ३१ ते ३३ प्रकरणं.

काडेपेटी
अक्षरं पाहिली. दोन एन शो आहेत हे कुठेतरी लिहायला काय जात होतं?