शब्दचर्चा: तोंड येणं, जिवणी फुटणं आणि ते पिवळं रायबोफ्लेविन

कडकभाकरी:
मे महिना, सोलापूर. आमच्या मावशीचं तोंड आलं. डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी लघवी हळदीगत पिवळी. मावशी म्हणाली, “बग, गोळीनं उष्णता आणिक भडकली.” पाकिटावर रायबोफ्लेविन लिहिलंय. भाचा म्हणतो, फ्लेवर असेल त्यात. मला दोन गोष्टी विचारायच्यात: हा शब्द कुठला, आणि ‘तोंड येतं’ तेव्हा नेमकं येतं काय?

निवळी:
भाच्याला सांगा, फ्लेवरशी संबंध नाही. रायबोफ्लेविन म्हणजे ब२ जीवनसत्त्व. लॅटिनमध्ये ‘फ्लावुस’ म्हणजे पिवळा, त्यावरून फ्लेविन. दह्यावर साचलेली निवळी नीट बघा, हिरवट-पिवळी दिसते. तो रंग याच जीवनसत्त्वाचा. १८७९ मध्ये ब्लाइथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला दुधाच्या निवळीत हे पिवळं द्रव्य दिसलं होतं, पण ते जीवनसत्त्व आहे हे कळायला १९३३ च्या आसपासचा काळ उजाडला.

‘रायबो’ची गंमत याहून मोठी. अरबी डिंकातून निघालेल्या साखरेला अरॅबिनोज म्हणत. १८९१ मध्ये एमिल फिशर यांनी तिच्या जवळची दुसरी साखर तयार केली आणि त्याच नावातली अक्षरं उलटसुलट करून तिला रायबोज म्हटलं. त्या साखरेशी नातं असलेली साखळी या रेणूत आहे, म्हणून रायबो. म्हणजे नावाचं मूळ बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात! (डिंकाचे लाडू खाऊन ब२ मिळेल असा अर्थ कृपया काढू नका.)

मावशींचा पिवळेपणा उष्णतेचा नाही. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, शरीर फारसं साठवत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम पुरतं, गोळीत त्याच्या कितीतरी पट असतं. उरलेलं आपला रंग घेऊन बाहेर पडतं.

पूर्वभागकर:
‘तोंड येणं’ आणि ‘डोळे येणं’ ही एकाच घरातली भावंडं. अवयव तर आधीपासून आहेच, येतो तो त्याचा त्रास. आमच्या भागात तेलुगू घरांत ‘नोटि पूत’ म्हणतात, कन्नड शेजारी ‘बायि हुण्णु’, म्हणजे सरळ तोंडातला व्रण. मराठीनं व्रणाचं नावच घेतलं नाही, अख्खं तोंडच आणलं.

पण एक घोळ होतो. तोंडात आतून पांढरे फोड येतात ते वेगळं, आणि ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडतात ते वेगळं. दुसऱ्याला आमची आजी ‘जिवणी फुटली’ म्हणायची. ब२ कमी पडलं की मुख्यतः हे दुसरं दिसतं, जोडीला जीभ लालबुंद, गुळगुळीत. फोड येण्याची कारणं मात्र अनेक, एकट्या ब२ वर ढकलू नये. जिवणी फुटली असताना कडक भाकरीचा तुकडा तोंडात घालून बघा, दोन्हीतला फरक लगेच कळतो.

निवळी:
अगदी. आणि ‘उष्णतेनं होतं’ या म्हणण्याबद्दल गंमत सांगतो: हे जीवनसत्त्व उष्णतेला फारशी दाद देत नाही, दूध उकळलं तरी बरंचसं टिकतं. त्याला मारतो तो उजेड. पारदर्शक बाटलीतलं दूध उन्हात ठेवलं तर रायबोफ्लेविन झपाट्यानं कमी होतं. पालेभाजी उकडून पाणी ओतून दिलं तरी त्यातलं बरंचसं मोरीत जातं.

कडकभाकरी:
मग खायचं काय? आमच्याकडं ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी, वर्षाचे बारा महिने.

पूर्वभागकर:
ज्वारीत आणि शेंगात थोडंच असतं. दूध, दही, ताक, अंडं, कलेजी यांत भरपूर. भाकरीसोबत वाटीभर दही घ्या, आणि निवळी ओतून देऊ नका.

कडकभाकरी:
मावशीला आरशासमोर उभं केलं. जिवणी शाबूत आहे, फोड आतल्या बाजूनं आहेत. म्हणजे तोंडच आलंय. निवळी मात्र आजपासून भाच्याच्या ताटात.